कुलूपबंद दार आणि मतपेटी

२४ मार्च १९११, शुक्रवार. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने त्या दिवशी एक नवा कायदा रद्दबातल ठरवला. कायदा आदल्याच वर्षी विधिमंडळाने केला होता आणि त्याचा आशय साधा होता : धोक्याच्या कामात मजूर जखमी झाला किंवा मेला, तर चूक कोणाची याचा खल न करता मालकाने भरपाई द्यावी. न्यायमूर्तींचं म्हणणं असं पडलं, की मालकाचा दोष नसताना त्याच्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे त्याची मालमत्ता हिसकावून घेणं झालं, आणि राज्यघटनेत ते बसत नाही. निकाल एकमताचा होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी पावणेपाचच्या सुमारास मॅनहॅटनमधल्या वॉशिंग्टन चौकाजवळच्या ॲश बिल्डिंगला आग लागली. दहा मजल्यांच्या त्या इमारतीचे वरचे तीन मजले ट्रायँगल वेस्ट कंपनीकडे होते. तिथे बायकांचे ब्लाउज शिवले जात. पुरुषी शर्टाच्या धर्तीचा, कॉलर-बटणांचा हा ब्लाउज त्या काळात नोकरीला जाणाऱ्या तरुणींचा जवळजवळ गणवेशच होता. तो शिवणाऱ्याही तरुणीच होत्या, बहुतेक पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेल्या. शनिवार पगाराचा होता, सुटी व्हायला काही मिनिटं उरली होती. आठव्या मजल्यावर कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग साठला होता. चिंध्या घेऊन जाणारा व्यापारी जानेवारीनंतर आलाच नव्हता. त्या ढिगात ठिणगी पडली. वर दोरीला कागदी नमुने टांगलेले, टेबलावर तलम कापडाचे थर लावलेले. पाण्याचा पाइप ओढून काढला तर त्यातून पाणी येईना. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर, म्हणजे मालकांच्या कचेरीत, टेलिफोन गेला. दहाव्यावरची बहुतेक माणसं गच्चीवर चढली आणि शेजारच्या इमारतीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सोडलेल्या शिड्यांवरून वाचली. मधल्या नवव्या मजल्याला कोणीच कळवलं नाही. तिथे आगीनेच येऊन आगीची खबर दिली.

नवव्या मजल्यावरून बाहेर पडायला दोन जिने होते. ग्रीन स्ट्रीटकडचा जिना ज्वाळांनी लवकरच अडवला. वॉशिंग्टन प्लेसकडच्या जिन्याचं दार कुलूपबंद होतं. संध्याकाळी सगळ्या मुलींनी एकाच दाराने बाहेर पडावं आणि तिथे रखवालदाराने त्यांच्या पिशव्या तपासाव्यात, अशी रीत होती. कुणी ब्लाउज किंवा लेसचा तुकडा पळवू नये म्हणून. मागच्या बाजूचा लोखंडी जिना तळातल्या चौकाच्या काचछतावर अधांतरी संपत होता. तो माणसांच्या वजनाने वाकला आणि कोसळला. लिफ्ट चालवणारे दोघेजण जमेल तितक्या फेऱ्या मारत राहिले. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या, आणि खाली धरलेली जाळी एकदम तीनचार मुलींच्या उड्यांनी फाटत होती. सगळा प्रकार वीस मिनिटांच्या आत संपला. मृतांचा आकडा १४६, त्यांत १२३ बायका आणि मुली. सर्वांत लहान चौदा वर्षांच्या. इमारत मात्र जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे खरोखर अग्निरोधक होती. आजही ती उभी आहे आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे वर्ग तिच्यात भरतात.

या दोन दिवसांचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नाही. तरी प्रस्तावनेची सुरुवात मी मुद्दाम शुक्रवारच्या निकालापासून केली, कारण आगीची गोष्ट सांगताना ती सहसा शनिवारपासून सुरू होते आणि मग ती अपघाताची गोष्ट बनते. दार कुलूपबंद ठेवायची मुभा मालकाला कुठून आली? कायदा कोण करत होतं, रद्द कोण करत होतं, तपासणीला कोण येत होतं, आणि या सगळ्यांना निवडून कोण देत होतं? शिलाईमशीनवर बसणारी मुलगी या साखळीत कुठेच नव्हती. या पुस्तकातल्या साक्षी, भाषणं आणि अहवाल हे सगळं त्या एका गैरहजेरीभोवती फिरतं.

मराठी वाचकाला अमेरिकन स्त्रियांच्या मताधिकाराची कहाणी थोडीफार ठाऊक असते. १८४८ची सेनेका फॉल्सची परिषद, सुझन अँथनीवर झालेला खटला, पांढऱ्या पोशाखातल्या मिरवणुका, १९२०ची एकोणिसावी घटनादुरुस्ती. आपल्याकडे या देशाची ओळख फार लवकर झाली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत काही वर्षं राहून आल्यावर १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीची विस्ताराने दखल घेतली. पण या परिचित कहाणीत बोलणाऱ्या बायका बहुधा शिकलेल्या, घरंदाज, वकिलांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरातल्या असतात. त्यांचा युक्तिवाद न्यायाचा आहे : आम्हीही माणसं आहोत, कर भरतो, मग मत का नाही? तो बिनतोड आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण शिवणकारखान्यातल्या मुली जेव्हा मत मागू लागल्या तेव्हा त्यांनी दुसरंच काही मागितलं. त्यांना मत हवं होतं ते दार उघडं राहावं म्हणून. या फरकाचं महत्त्व आपल्याकडच्या लिखाणात फारसं उमटलेलं नाही, आणि हे पुस्तक मराठीत यावं असं वाटण्याचं माझं मुख्य कारण तेच आहे.

आगीच्या आधीचा दीड वर्षाचा काळ समजून घेतल्याशिवाय यातलं काहीच नीट कळत नाही. १९०९च्या सप्टेंबरात ट्रायँगलने संघटनेत गेलेल्या मुलींना कामावरून काढलं, आणि त्या दारावर निदर्शनं करू लागल्या. भाड्याच्या गुंडांनी त्यांना मारलं, पोलिसांनी पकडलं ते मात्र मुलींनाच. २२ नोव्हेंबरला कूपर युनियनच्या सभागृहात सभा भरली. पुढाऱ्यांची सावध भाषणं दोन तास चालली. मग क्लारा लेमलिक नावाची तेवीस वर्षांची मुलगी व्यासपीठावर गेली. दुसऱ्या एका कारखान्यातल्या संपात तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. यिडिशमध्ये तिने सांगितलं की बोलणं पुष्कळ झालं, आता सार्वत्रिक संपाचा ठराव मांडा. सभागृह उठून उभं राहिलं. पुढच्या काही दिवसांत वीस हजारांच्या घरात कामगार संपावर गेले, बहुतांश मुली. ऐन हिवाळ्यात त्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. कोर्टात दंड झाले, काहींना सक्तमजुरीला पाठवलं. एका मॅजिस्ट्रेटने तर हा संप देवाविरुद्ध असल्याचं सुनावलं.

याच संपात श्रीमंत घरच्या मताधिकारवादी बायका कामगार मुलींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ॲल्व्हा बेलमाँटने जामिनाचे पैसे भरले, रात्रीच्या कोर्टात तास न् तास बसून राहिली, मोठं सभागृह भाड्याने घेऊन सभा भरवली. बँकमालक मॉर्गनची मुलगी ॲनही आली. स्त्रियांच्या कामगार संघटनांना आधार देणाऱ्या विमेन्स ट्रेड युनियन लीगची न्यूयॉर्कमधली अध्यक्ष मेरी ड्रायर निदर्शकांबरोबर चालताना पकडली गेली आणि ती कोण आहे हे कळताच सोडून दिली गेली. या एका प्रसंगातून मुली फार काही शिकल्या असणार. तोच रस्ता, तोच कायदा, तोच पोलिस, तरी हुद्द्याप्रमाणे न्याय वेगळा. त्या मैत्रीत संशयही होता. एका बाजूच्या बायकांना वाटे की संप हे मताधिकाराचं साधन आहे, दुसऱ्या बाजूच्या मुलींना वाटे की मताधिकार झाला तर संपाचं साधन आहे.

१९१०च्या फेब्रुवारीत संप मिटला. बऱ्याच कारखान्यांनी संघटनेशी करार केले, तास आणि मजुरी थोडी सुधारली. ट्रायँगलने संघटनेला मान्यता दिली नाही. आगीतून सुटायचे जिने आणि न अडवलेली दारं यांची मागणीही संपात होती. ट्रायँगलच्या मुली ती मागणी पदरात न पडताच कामावर परतल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हडसनपलीकडच्या नेवार्कमध्ये एका कारखान्याला आग लागून सुमारे पंचवीस बायका मेल्या. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचा प्रमुख एडवर्ड क्रोकर उंच कारखान्यांबद्दल आधीपासून बजावत होता. म्हणजे १९११च्या मार्चमध्ये काय घडू शकतं हे शहराला माहीत होतं. माहिती होती, मागणीही झाली होती. मागणाऱ्यांच्या हाती सत्ता मात्र नव्हती.

आगीनंतर आठवड्याने, २ एप्रिलला, मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये सभा भरली. सभागृह ॲन मॉर्गनने भाड्याने घेतलं होतं. खालच्या मखमली खुर्च्यांवर प्रतिष्ठित मंडळी, वरच्या गॅलरीत ईस्ट साइडचे कामगार. आग प्रतिबंधक खातं निर्माण करा अशा मवाळ ठरावावर गॅलरीतून आरडाओरड सुरू झाली. त्या गोंधळात रोझ श्नायडरमन बोलायला उभी राहिली. टोप्या शिवणारी, पाच फूटही उंची नसलेली, केशरी केसांची ही कामगार पुढारी जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात बोलली, आणि सभागृह चिडीचूप झालं. मी इथे गोड मैत्रीच्या गोष्टी करायला आले तर त्या जळालेल्या देहांशी बेइमानी होईल, असं तिचं म्हणणं होतं. तुम्हा भल्या लोकांची परीक्षा आम्ही घेतली आणि तुम्ही तीत उतरला नाहीत. आता कामगारांनी स्वतःच स्वतःला वाचवायचं, मजबूत कामगार चळवळ उभारूनच.

हे भाषण फार गाजलं, त्याचे उतारे आजही दिले जातात. पण त्याची जी संहिता आपल्यापर्यंत आली आहे तीत मताधिकाराचा शब्द नाही. रोझ त्याआधी तीनचार वर्षांपासून मताधिकाराच्या सभांत बोलत होती, तरी त्या दिवशी तिला तो विषय सुचला नाही किंवा तिने तो टाळला. दुःख ताजं होतं आणि समोर बसलेल्या बायकांपैकी अनेकींच्या तोंडी मताधिकारच होता. आगीने मताधिकार दिला असं सरधोपट म्हणणाऱ्यांनी हे मौन लक्षात घ्यावं.

मग वर्षभरात काय झालं, ते पुस्तकाच्या मधल्या भागात आहे आणि माझ्या मते तोच त्याचा गाभा आहे. १९११ साली लेमलिक, श्नायडरमन आणि लिओनोरा ओरायली यांनी ‘वेज अर्नर्स सफ्रेज लीग’ काढली. ओरायली आयरिश घरातली, अकराव्या वर्षापासून कॉलरच्या कारखान्यात राबलेली. या लीगमध्ये पूर्ण सभासदत्व कामगार बायकांनाच होतं. श्रीमंत मैत्रिणींची मदत हवी होती, त्यांचं पुढारपण नको होतं. लीगसाठी लिहिताना लेमलिकने जो युक्तिवाद केला तो इतका स्वच्छ आहे की मला त्यात काही मिळवावंसं वाटत नाही. कारखानदाराला मत आहे, मालकाला मत आहे, मुकादमाला मत आहे, तपासनिसालाही मत आहे. मुलीला नाही. म्हणून ती जेव्हा म्हणते की इमारत स्वच्छ करा, सुरक्षित करा, तेव्हा अधिकाऱ्याला तिचं ऐकण्याची गरज पडत नाही. समानतेचं तत्त्व, स्त्रीची नैतिक उंची, यांतलं काहीही इथे नाही. मताचा विचार इथे जिन्याच्या, पाण्याच्या पाइपाच्या, खिडकीच्या पातळीवर उतरला आहे.

२२ एप्रिल १९१२ला याच लीगने कूपर युनियनमध्ये सभा भरवली. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात सिनेटरांनी मताधिकाराच्या विरोधात जी वाक्यं उच्चारली होती ती एकेक करून घेतली आणि प्रत्येकाला एकेका कामगार बाईने उत्तर दिलं. एका सिनेटराला काळजी होती की राजकारणात उतरली तर स्त्री आपली कोमलता आणि मोहकता गमावेल. रोझ श्नायडरमनने उत्तर दिलं : धुलाईखान्यांत बायका तेरा-चौदा तास वाफेत उभ्या असतात, हात कढत खळीत बुडालेले असतात. वर्षातून एकदा पेटीत चिठ्ठी टाकून त्यांचं सौंदर्य याहून आणखी किती उणावणार आहे? टाळ्या पडल्या असतीलच. पण या उत्तरात चतुराईपेक्षा जास्त काही आहे. सिनेटराच्या डोळ्यांपुढे ‘स्त्री’ म्हणून जी बाई होती तीत धुलाईखान्यातली बाई मोडतच नव्हती. एका वाक्यात रोझने तिला सिनेटरापुढे उभं केलं.

तोवर आणखी एक गोष्ट घडून गेली होती : खटला. ट्रायँगलचे मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला १९११च्या डिसेंबरात चालला. दार कुलूपबंद होतं हे मुलींनी शपथेवर सांगितलं. उलटतपासणीत हॅरिसला कबूल करावं लागलं की ज्या चोऱ्यांसाठी हा बंदोबस्त होता त्यांत गेलेल्या मालाची किंमत पंचवीस डॉलरहून जास्त नव्हती. बचावाचा वकील मॅक्स स्टॉयर निष्णात होता. एका महत्त्वाच्या साक्षीदार मुलीकडून त्याने तिची हकिकत पुन्हा पुन्हा वदवून घेतली, आणि शब्द तेच येतात म्हणजे ती पढवलेली आहे असं सुचवलं. ती साक्ष पुस्तकात पूर्ण दिली आहे. वाचकाने स्वतःच ठरवावं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या मैत्रिणीच्या मरणाबद्दल बोलणारी मुलगी शब्द घट्ट धरून ठेवील की नाही? न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की दार त्या क्षणी बंद होतं आणि ते बंद असल्याचं मालकांना माहीत होतं, हे दोन्ही सिद्ध व्हायला हवं. दोन तासांच्या आत, २७ डिसेंबरला, दोघे निर्दोष सुटले. ज्युरीत बाराही पुरुष होते, कारण न्यूयॉर्कमध्ये बाई ज्युरीवर बसूच शकत नव्हती. १९१४ साली दिवाणी दावे मिटले ते दर मृतामागे पंचाहत्तर डॉलरवर. विम्यापोटी मालकांना मिळालेली रक्कम त्यांच्या नुकसानीपेक्षा सुमारे साठ हजार डॉलरनी जास्त होती. १९१३मध्ये ब्लँक पुन्हा कामाच्या वेळी दार बंद ठेवताना सापडला. दंड झाला वीस डॉलर.

कायद्याच्या आघाडीवर मात्र कामगारांच्या बाजूने बरंच काही हललं. जून १९११मध्ये राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघेही टॅमनी हॉल या बदनाम पक्षयंत्रणेतून वर आलेले. सदस्यांत मेरी ड्रायर होती. आयोगाला कारखाने दाखवत फिरणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होती. आगीच्या दिवशी ती जवळच एका ओळखीच्या बाईकडे चहाला गेली होती आणि धावत येऊन तिने ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने आयोगाच्या सदस्यांना बर्फाने माखलेल्या भिंतीवरच्या शिडीवरून खाली उतरायला लावलं, कारण कारखान्याच्या कागदावर तोच ‘आगीतून सुटायचा मार्ग’ होता. रात्रपाळी संपवून दोरखंडाच्या कारखान्यातून भल्या पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. पहिल्याच वर्षी आयोगाच्या माणसांनी अठराशेहून जास्त कारखाने पाहिले. तीन-चार वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले : दारं बाहेर उघडणारी हवीत आणि कामाच्या वेळी कुलूप नको, आगीच्या कवायती हव्यात, उंच इमारतींत पाण्याचे फवारे हवेत, बायकांचा आठवडा चोपन्न तासांचा.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकू नये. हे कायदे झाले तेव्हा न्यूयॉर्कमधल्या बायकांना मत नव्हतं. मग मताशिवाय काम झालंच की, असं विरोधक तेव्हाही म्हणत. याचं उत्तर चोपन्न तासांच्या कायद्यात सापडतं. १९१२मध्ये तो मंजूर व्हावा म्हणून पर्किन्सला फळं-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतल्या बायका त्यातून वगळलेल्या मान्य कराव्या लागल्या. त्या मालकांचं वजन मोठं होतं. ज्यांना मत नाही त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी केलेला सौदा असाच होतो : मिळतं, पण कोणाला वगळायचं हे देणारा ठरवतो. पर्किन्सने तो सौदा केला हे मला योग्यच वाटतं. चार लाखांच्या घरात बायकांना त्याचा फायदा होणार होता. पण त्या दिवशी वगळलेल्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसरी अडचण वैचारिक आहे. बायकांच्या कामाचे तास मर्यादित करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८मध्ये संमती दिली होती ती बाईचं शरीर दुबळं असतं, पुढच्या पिढीसाठी ते जपायला हवं, या आधारावर. म्हणजे संरक्षण मिळालं ते दुबळेपणाच्या शिक्क्यासह. एकाच वेळी ‘आम्हाला संरक्षण द्या’ आणि ‘आम्हाला समान माना’ असं म्हणणं कामगार बायकांना भाग पडलं. मताधिकार मिळाल्यावर हा ताण उघड्यावर आला. १९२३मध्ये संपूर्ण समानतेची घटनादुरुस्ती मांडली गेली, तेव्हा श्नायडरमन आणि तिच्या सहकारी विरोधात उभ्या राहिल्या, कारण या दुरुस्तीने चोपन्न तासांसारखे कायदे पुसले जातील अशी त्यांना धास्ती होती. कोण बरोबर होतं यावर विद्वान अजून भांडतात. माझा कल श्नायडरमनकडे आहे.

न्यूयॉर्कच्या मतदारांपुढे, म्हणजे पुरुषांपुढे, स्त्रीमताधिकाराचा प्रश्न पहिल्यांदा २ नोव्हेंबर १९१५ला आला. दहा दिवस आधी फिफ्थ ॲव्हेन्यूवरून हजारो बायकांची मिरवणूक निघाली होती. प्रस्ताव जवळजवळ दोन लाख मतांनी पडला. त्या वेळी कोलंबिया विद्यापीठात एक मराठी विद्यार्थी शिकत होता, भीमराव आंबेडकर. १९१३ ते १९१६ तो याच शहरात होता. पुढे १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या बायकांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाची बाजू त्यांनी मांडली, आणि त्याच सुमारास सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. या दोन्ही गोष्टी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर शोधायची घाई मी करणार नाही. आंबेडकरांची कारणं इथल्या मातीतली होती. पण मुंबईच्या बाबतीत एक तुलना टाळता येत नाही. मुंबई इलाख्यात १९२१मध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं, पण ते मिळकत आणि कर यांच्या अटींवर. त्यामुळे गिरणीतल्या बहुसंख्य बायका त्याच्या बाहेर राहिल्या. लेमलिकचा प्रश्न परळ-लालबागेत जसाच्या तसा उभा राहतो.

६ नोव्हेंबर १९१७ला न्यूयॉर्कने पुन्हा मत दिलं आणि या वेळी प्रस्ताव सुमारे एक लाखाच्या फरकाने जिंकला. फरक पडला तो शहरात. राज्याचा उरलेला भाग थोडक्यात विरोधातच राहिला. दरम्यान दहा लाखांहून जास्त बायकांच्या सह्या गोळा झाल्या होत्या. कामगारांमधल्या प्रचाराची जबाबदारी रोझ श्नायडरमनकडे होती. टॅमनी हॉलने या वेळी विरोध न करण्याचं ठरवलं होतं, कारण तिथल्या पुढाऱ्यांच्या बायका-मुलीच मोहिमेत उतरल्या होत्या. युद्धामुळे बायका नव्या कामांवर दिसू लागल्या होत्या. त्याच दिवशी महापौरपदाची निवडणूक होती आणि समाजवादी उमेदवार मॉरिस हिलक्विट याने स्थलांतरितांच्या वस्त्यांत जोर धरला होता. समाजवादी मतदार मताधिकाराच्या बाजूचा होता. म्हणजे एकच कारण शोधू नये. तरी शहराचा नकाशा पाहिला तर लोअर ईस्ट साइडच्या, ज्यू शिवणकामगारांच्या वस्त्यांनी भरभरून होकार दिलेला दिसतो. त्या होकाराच्या चिठ्ठ्या टाकणारे अनेक पुरुष १९०९च्या संपात होते, आगीत बहिणी-मुली गमावलेल्यांचे शेजारी होते. ५ एप्रिल १९११ला पावसात निघालेल्या लाखाच्या मूक मिरवणुकीत ते चालले होते. या पुरुषांबद्दल मताधिकाराच्या इतिहासात फार कमी लिहिलं जातं.

न्यूयॉर्क जिंकल्यावर देशाचं गणित बदललं. सर्वांत जास्त प्रतिनिधी पाठवणाऱ्या राज्यात आता बायका मतदार होत्या. जानेवारी १९१८मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी देशव्यापी मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा जाहीर केला, दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहाने ती मंजूर केली. सिनेटला १९१९च्या जूनपर्यंत वेळ लागला आणि १८ ऑगस्ट १९२०ला टेनेसीच्या मंजुरीने ती पक्की झाली.

तरी कोणाला मत मिळालं याची यादी फार सावधपणे करायला हवी. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना दहशत, कर आणि साक्षरता-चाचण्यांच्या नावाखाली पुढची पंचेचाळीस वर्षं बाहेर ठेवलं गेलं. स्थलांतरित कामगार बाईचं नागरिकत्व १९०७च्या कायद्याने नवऱ्याशी बांधलं होतं. नवरा परदेशी असेल तर जन्माने अमेरिकन असलेल्या बाईचंही नागरिकत्व जाई. हे १९२२मध्ये काहीसं सैल झालं. आणि आगीत मेलेल्या मुलींचा विचार केला तर अनेकींना, त्या जगल्या असत्या आणि त्याच दिवशी मताधिकार मिळाला असता, तरी मत देता आलं नसतं. मतदानाचं वय एकवीस होतं, त्या सोळा-सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. न्यूयॉर्कच्या ज्युरीत बाई बसायला १९३७ उजाडलं. शुक्रवारच्या ज्या निकालापासून मी सुरुवात केली तो उलटवायला न्यूयॉर्कच्या राज्यघटनेतच दुरुस्ती करावी लागली. १९१३मध्ये मतदारांनी ती मंजूर केली, आणि तेव्हाचे मतदार पुरुषच होते. फ्रान्सिस पर्किन्स १९३३मध्ये देशाची कामगारमंत्री झाली, मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. किमान वेतन आणि कामाच्या तासांचा देशव्यापी कायदा १९३८मध्ये झाला तेव्हा तीच त्या पदावर होती.

पुस्तक कालक्रमाने लावलं आहे. पण वाचकाला माझी विनंती आहे की १९०९च्या संपावरचा पहिला भाग संपवल्यावर आगीचं प्रकरण बाजूला ठेवावं आणि आधी १९१२च्या सभेतली भाषणं वाचावीत. त्यातल्या बायका रडगाणं गात नाहीत. कुठल्या मजल्यावर किती जिने हवेत, कुठल्या खात्याकडे किती तपासनीस आहेत, ते कोण नेमतं, हे त्यांना पाठ आहे. मग मागे येऊन खटल्यातल्या साक्षी वाचाव्यात. त्या मुलींकडे तेव्हा बळी म्हणून पाहावंसं वाटत नाही. कामाची जागा इंच न् इंच ओळखणारी, दार कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते हे अचूक सांगणारी माणसं म्हणून त्या समोर येतात. पुस्तकाच्या शेवटी आयोगाच्या अहवालातले निवडक भाग आहेत. ते रूक्ष वाटतील, तरी गाळू नयेत. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात कसं पोचलं ते तिथेच कळतं.